पान दोनशे सतरा

सोमवारी सकाळी प्राचार्यबाईंनी बोलावून घेतलं, तेव्हा ग्रंथपालबाईंना वाटलं, वाचनकक्षातल्या कुरकुरणाऱ्या पंख्याचं काहीतरी असणार. त्या उत्तर जुळवतच जिना चढल्या. पण पंख्याचं नाव निघालंच नाही.

"बसा," प्राचार्यबाई म्हणाल्या. विधी महाविद्यालयात त्यांना येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. माणूस स्वभावाने चांगला, फक्त गोलगोल बोललेलं त्यांना चालत नसे. "आपल्या कायद्याच्या त्रैमासिकाचा प्रभाव कसा आहे?"

"बरा आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"आकड्यात सांगा."

आता प्रभाव आकड्यात कसा सांगायचा, हा प्रश्न ग्रंथपालबाईंना वीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. मग प्राचार्यबाईंनीच समजावून दिलं. विद्यापीठाने एक समिती नेमली होती. गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती लेख छापले आणि इतरांनी आपल्या लिखाणात त्यांचा किती वेळा उल्लेख केला, याचा भागाकार करायचा. उत्तर येईल तो प्रभावांक. एक किंवा वर असेल तर त्रैमासिक चालू राहील. खाली असेल तर बंद. आणखी काही पुरावा असल्यास जोडावा, अशी पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. मुदत तीन आठवड्यांची.

"मोजणी तुम्ही करा," प्राचार्यबाई म्हणाल्या. "संपादकांना सांगितलं तर ते आधी प्रभाव या शब्दाची व्याख्या करायला घेतील."

हे काही खोटं नव्हतं. त्रैमासिकाच्या संपादकांना सगळं कॉलेज तळटीप सर म्हणे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रोज अकराच्या ठोक्याला ते ग्रंथालयात हजर असत. बोललेल्या प्रत्येक वाक्याला मागाहून एक पुरवणी जोडायची त्यांना सवय होती. "चहा छान झालाय," असं म्हणून ते थांबत, आणि घोटभराने म्हणत, "अर्थात कालच्या मानाने." एकेचाळीस वर्षं त्यांनी हे त्रैमासिक पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्यात छपाईची एकही चूक सापडणार नाही, हे ते नव्या माणसाला ओळख होताच दोन मिनिटांत सांगत.

ग्रंथपालबाईंनी विद्यापीठाच्या संगणकावर त्रैमासिकाचं नाव टाकलं. पाच वर्षांत शंभर लेख, आणि उल्लेख चार. त्यांनी दोनदा तपासलं. आकडा काही हलला नाही. शेवटी त्यांनी तो कागदावर लिहून सरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा पुसून वाचलं. "शून्य पूर्णांक चार शतांश?"

"हो सर."

"म्हणजे शंभर लेख छापले तर जगात चारच उल्लेख झाले."

"त्यातले दोन तुम्हीच दुसरीकडे लिहिताना केलेत."

सरांनी कागद खाली ठेवला. "माझ्या बुटाचा नंबर याच्या दोनशे पट आहे," ते म्हणाले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी वाक्याला पुरवणी जोडली नाही.

संगणकावर विसंबून चालणार नाही, हे ग्रंथपालबाईंनी तिथेच ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून वाचनकक्षातलं कोपऱ्यातलं लांब टेबल त्यांनी अडवलं आणि दुसऱ्या नियतकालिकांचे बांधीव अंक एकेक करून उतरवायला लागल्या. पानापानावरच्या तळटिपांवरून बोट फिरवायचं, आपलं नाव दिसलं की वहीत नोंद करायची. दोन दिवसांत संगणकाची अडचण लक्षात आली. लोक त्रैमासिकाचं नाव आपापल्या मनाने तोडत होते. कुणी पहिली अक्षरं घेई, कुणी शेवटची गाळी, आणि एका विद्वानाने तर त्रैमासिकाचं सरळ वार्षिक करून टाकलं होतं. संगणक बिचारा एकच नाव घेऊन शोधत बसलेला. आठवडाभरात चाराचे एकतीस झाले. बाईंची बोटं धुळीने काळी पडली, मानेला रग लागली, पण एकतीस म्हणजे काही शंभर नव्हेत.

मग त्यांनी न्यायालयांची निकालपत्रं काढली. न्यायाधीशही लेख वाचत असतील, अशी त्यांना आशा होती. तिथे उल्लेख फारसे सापडले नाहीत. सापडलं ते निराळंच.

एका इमारतीतल्या तळमजल्यावरच्या दंतवैद्याने सामाईक जिन्याखाली कपाट ठेवलं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने त्याला कोर्टात खेचलं होतं. न्यायाधीशांनी एका जुन्या निवाड्याचा आधार दिला होता: निवाड्यांच्या संग्रहाचा खंड बारा, पान दोनशे सतरा. बारावा खंड समोरच होता, म्हणून बाईंनी सहज उघडून पाहिला. पान दोनशे सतरावर एक मिठाची होडी बुडाली होती आणि भिजलेलं मीठ कुणाचं यावर दोन व्यापारी भांडत होते. जिन्याचा त्यात मागमूस नव्हता. बाईंनी पानं उलटली. जिन्याचा निवाडा होता पान दोनशे एकाहत्तरवर.

आकडे उलटे पडले असतील बिचाऱ्यांचे, असं मनाशी म्हणून त्यांनी खंड मिटला. पण दुपारी दुसऱ्या एका लेखात तोच निवाडा आला, आणि पुन्हा पान दोनशे सतरा. संध्याकाळी एका जाडजूड पाठ्यपुस्तकातही दोनशे सतराच.

घरी त्यांची लेक संख्याशास्त्राच्या अभ्यासाचा पसारा जेवणाच्या टेबलावर मांडून बसली होती. बाईंनी भाजी चिरता चिरता तिला होडीची गोष्ट सांगितली.

"तिघांनी एकच चूक केली?" लेक पेन खाली ठेवत म्हणाली. "आई, हे तर सोपं आहे. बरोबर उत्तर दोघांचं सारखं आलं तर त्यावरून काही कळत नाही. चूक सारखी आली, की समजायचं एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय. आमच्या सरांनी परीक्षेत तिघींना असंच पकडलं."

"कोण गं त्या?"

"दोघींना तू ओळखत नाहीस," लेक म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

बाईंच्या हातातली सुरी थांबली. तिसरीचा विचार त्यांनी नंतर करायचं ठरवलं. कारण डोक्यात दुसराच दिवा लागला होता: या सगळ्यांनी बघून लिहिलं असेल, तर पहिली चूक कुणाची?

पुढचे पाच दिवस त्यांनी माग काढला. आजच्या लेखापासून मागे मागे जायचं, आणि दोनशे सतरा जिथे जिथे दिसेल तिथे कागदाची पट्टी खोचायची. लांब टेबलावर पट्ट्यांचं रान माजलं. त्रेसष्ट लेख, चौदा निकालपत्रं, तीन पाठ्यपुस्तकं. सगळ्यांत जिना होता, सगळ्यांत जवळपास एकच युक्तिवाद होता आणि सगळ्यांत ती होडी बुडत होती. अठरा वर्षांपूर्वीच्या अंकांपर्यंत माग लागला. त्याच्याही आधी, एकोणीस वर्षांपूर्वी, एकच लेख होता: 'सामाईक जिना कुणाचा?' तळटीप क्रमांक चौदा. पान दोनशे सतरा.

तो लेख त्यांच्याच त्रैमासिकातला होता.

बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचून काढला. लेखिका त्या वेळी नुकतीच वकील झालेली कुणी मुलगी. ज्याचा जिन्यावाचून पाय अडेल त्याचा शब्द आधी ऐकावा, भले मालकीच्या कागदावर त्याचं नाव शेवटी असो, एवढं साधं तिचं म्हणणं. पण इतकं स्वच्छ मांडलेलं की वाचणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाच सुचलं होतं. म्हणूनच बहुधा ऐंशी जणांनी तो विचार उचलला, तळटिपेसकट उचलला, आणि श्रेय देण्याचं जेमतेम पाच जणांना आठवलं.

बाईंना हर्षाने काही सुचेना. एवढा प्रभाव कुठल्या भागाकारात बसला असता? पण समिती विचारणार: चूक तुमच्याकडेच जन्मली कशावरून? त्या मुलीनेच दुसरीकडून उतरवली नसेल कशावरून? म्हणून त्या तळघरातल्या कपाटाकडे गेल्या. तिथे प्रत्येक अंकाचं हस्तलिखित आणि छापखान्यातून तपासायला आलेली कच्ची पानं सरांनी दोऱ्याने बांधून ठेवली होती.

एकोणीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा सुटला. हस्तलिखितात लेखिकेच्या टपोऱ्या अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं: दोनशे एकाहत्तर. छापील कच्च्या पानावर होतं दोनशे सतरा. आणि त्या पानाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत 'पाहिले' असा शेरा, खाली सही.

सही त्यांची स्वतःची होती.

बाई खालच्या पायरीवर बसल्या. हळूहळू सगळं आठवलं. नोकरीचं पहिलं वर्ष. सरांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून त्या एका अंकाची पानं तपासायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. हिरवी शाई त्यांनी मुद्दाम आणली होती. अंक निघाल्यावर सर म्हणाले होते, "उत्तम काम," आणि पुरवणीची वाट बघत त्या किती वेळ उभ्या होत्या. पुरवणी आली नव्हती. ते दोन शब्द त्यांनी एकोणीस वर्षं जपून ठेवले होते.

गठ्ठा पुन्हा बांधून ठेवावा, असं मनात आलं नाही असं नाही. त्यांनी दोऱ्याची एक गाठ मारलीसुद्धा. पण हे पान दाखवल्याशिवाय पट्ट्यांच्या त्या रानाला काही अर्थ नव्हता, आणि पान दाखवायचं तर हिरवी शाई झाकणार कशी? त्यांनी गाठ सोडली, पानं पदराखाली घेतल्यासारखी छातीशी धरली आणि वर आल्या.

सर नेहमीच्या खुर्चीत होते. बाईंनी हस्तलिखित, कच्चं पान आणि छापील अंक एकापुढे एक ठेवले. "सर, एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या अंकात. माझी आहे."

सरांनी भिंग काढलं. तिन्ही कागद पाहिले, मग परत पहिल्यापासून पाहिले. बाईंनी त्रेसष्ट लेख, चौदा निकालपत्रं, सगळं सांगितलं. सरांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते उठले, छत्री घेतली आणि चहा तसाच टाकून निघून गेले. अकराला आलेला माणूस साडेअकराला गेला, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, सर आले नाहीत. बाईंनी एकाच पुस्तकाची नोंद तीनदा केली. दुपारी बाराला दार ढकलून सर आत आले, आणि खिशातून चौघडी कागद काढून त्यांनी टेबलावर पसरला.

"शुद्धिपत्र," ते म्हणाले. "रात्री जेवणाआधी अकरा वेळा लिहिलं. हा बारावा मसुदा. वाचा."

बाईंनी वाचलं. त्यात लिहिलं होतं, की अमुक अंकातील अमुक तळटिपेत संपादकाच्या हलगर्जीपणामुळे चूक राहिली.

"सर, हलगर्जीपणा माझा होता."

"अंकावर नाव कुणाचं आहे?"

"कच्च्या पानावर सही कुणाची आहे?"

"नवशिक्या माणसाच्या हाती अख्खा अंक देऊन दवाखान्यात कोण पडून राहिलं होतं?"

"डोळ्याला पट्टी होती सर तुमच्या."

"एकाच डोळ्याला," सर म्हणाले.

हा वाद चांगला पाऊण तास चालला. दोघांपैकी कुणीही दोष सोडायला तयार नव्हतं. वाचनकक्षातले विद्यार्थी पुस्तकं मिटून ऐकत बसले. आवाज ऐकून प्राचार्यबाई खाली आल्या, त्यांनी कागद वाचला, पेन्सिलीने 'संपादकाच्या' हा शब्द खोडला आणि तिथे 'आमच्या' लिहिलं. "झालं?" त्यांनी विचारलं. दोघांनाही ते अगदी पटलं नाही, म्हणजे तोडगा योग्य होता. सर खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "ऐंशी जणांनी उतरवलं, आणि मूळ पान उघडून बघावं असं एकालाही वाटलं नाही. लाज वाटली पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाले, "अर्थात त्यांना." आणि त्यांना हसू फुटलं. ते हसू आवरेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला.

समितीसमोर बाई गेल्या तेव्हा समोर तिघे बसले होते. मधले अध्यक्ष म्हणजे कायद्याचे नावाजलेले प्राध्यापक. बाईंनी आधी खरा आकडा सांगितला: एकतीस शतांश. अध्यक्षांनी तो लिहून घेतला आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं. "पत्रात आणखी पुराव्याची ओळ आहे," बाई घाईने म्हणाल्या आणि त्यांनी होडीपासून सुरुवात केली.

गोष्ट जशी पुढे सरकली तसं टोपण हातातच राहिलं. बाईंनी यादी पुढे ठेवली. तिच्यात नावं नव्हती, नुसते क्रमांक आणि सालं होती. कुणाला उघडं पाडायला त्या आल्या नव्हत्या. पण पाठ्यपुस्तकं तीनच, असं ऐकल्यावर अध्यक्षांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी मागच्या फडताळातून एक जाड पुस्तक काढलं, जिन्याचं प्रकरण उघडलं आणि तळटिपेवर बोट ठेवलं. ते पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. बाईंनी खिडकीकडे नजर वळवली.

"दोनशे सतरा," अध्यक्ष म्हणाले. डाव्या बाजूचे सभासद खोकले. "चौथी आवृत्ती आहे ही. चारही वेळा मी हे पान तपासलंय, असं प्रस्तावनेत लिहिलंय." त्यांनी पुस्तक मिटलं. "तो लेख मी वाचला होता, बाई. चांगलाच लक्षात होता. इतका, की पुढे तो दुसऱ्या कुणाचा आहे हेच लक्षात राहिलं नाही."

निकाल आठवडाभराने आला. प्रभावांक एकतीस शतांशच लिहिला होता, त्यात काही बदल नाही. पण खाली शेरा होता, की सदर त्रैमासिकाचा प्रभाव प्रचलित सूत्राने मोजता येत नाही असं आढळल्याने ते पुढे चालू ठेवावं, आणि मोजणीच्या या पद्धतीवर ग्रंथपालांनी स्वतः एक लेख लिहावा. सरांनी तो शेरा चार वेळा वाचला आणि 'आढळल्याने' या शब्दाची रचना बरोबर आहे का, यावर दिवसभर विचार केला.

बाईंच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली होती. त्या मुलीची कुणी माफी मागितली नव्हती. जुन्या पत्त्यावरून, तिथल्या शेजाऱ्यांकडून, मग वकील संघाच्या जुन्या यादीतून शोधत त्यांनी तिला गाठलं. तिने वकिली केव्हाच सोडली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला जलतरण तलावावर ती पोहायला शिकवत होती.

शनिवारी दुपारी बाई तिथे पोहोचल्या. गळ्यात शिट्टी अडकवलेली, पंचेचाळिशीतली एक उंच बाई काठावरून पाण्यातल्या आजीबाईंना सांगत होती, "पाय हलवा, तोंडं नंतर." वर्ग संपला तशी ती टॉवेलने हात पुसत आली. दोघी ओल्या बाकावर बसल्या आणि बाईंनी सगळं सांगितलं, चुकीची माफी मागितली, यादी तिच्या हातात दिली.

तिने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कागदाचे कोपरे तिच्या बोटांनी भिजले. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, "तो लेख तुम्ही, तुमच्या सरांनी आणि माझ्या आईने वाचला. आईने पण अर्धाच."

"ऐंशी जणांनी वाचला. आम्ही मोजले तेवढे. त्याहून जास्तही असतील."

"चौदा न्यायाधीशांनी?"

"चौदा निकालपत्रं आहेत. त्यातल्या अकरांत जिना वरच्या मजल्यावरच्यांना मिळाला."

तिचे डोळे भरून आले होते, पण तिथे सगळ्यांचेच चेहरे ओले होते, त्यामुळे कुणाला वेगळं दिसलं नाही. मग ती हसायला लागली. "आम्ही तेव्हा चौथ्या मजल्यावर राहायचो. खालच्याने माझी सायकल जिन्याखाली ठेवू दिली नव्हती. त्या रागात लिहिलाय मी तो लेख, एका रविवारी बसून. वकिलीत तीन वर्षं काढली, कुणी माझं ऐकलंय असं एकदाही वाटलं नाही. म्हणून इकडे आले. इथे निदान शिट्टी वाजवली की बघतात तरी."

"पुन्हा लिहाल?" बाईंनी विचारलं. हे विचारायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

तिने तलावाकडे पाहिलं. पलीकडच्या भिंतीशी एक आजोबा आणि एक तरुण एकाच पट्ट्यावरून वाद घालत होते. दोघांचंही म्हणणं, आपण आधी उतरलो. "हे रोज चालतं," ती म्हणाली. "पाण्यातला पट्टा कुणाचा, यावर कायद्यात कुठे काही आहे का हो? मी बरंच शोधलंय. काही सापडत नाही."

"किती पानं होतील?"

"वीस तरी."

"महिनाअखेरीस द्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि पर्समधून वही काढून त्यांनी तारीख लिहून घेतली. तेवढ्यात पलीकडचा वाद वाढला. लेखिका उठली, शिट्टी तोंडात धरली आणि त्या दोघांच्या दिशेने भराभर निघाली.